विमानाचा लाकडी पंखा भिंतीवर लावताना

टायगर मॉथ या १९३१ साली प्रथम उडालेल्या ब्रिटिश प्रशिक्षण विमानाचा लाकडी पंखा सुमारे दोन मीटर लांबीचा असतो. असा जुना पंखा दिवाणखान्यात लावताना त्याचा भार पात्यांवर न टाकता मध्यभागावर घ्यावा. विमानातही तो तेथेच बोल्टांनी आवळलेला असतो. आधाराचा पोलादी कंस विटांत पक्का बसवावा, गिलाव्यावर विसंबू नये. पाती आडवी ठेवावीत; उभ्या पंख्यात ओलावा खालच्या पात्याकडे उतरतो. सर्वांत मोठी चूक घडते ती पॉलिश करताना. मध्यभागी ठोकलेल्या क्रमांकांवरून पंखा कोणत्या विमानाचा, हे कळते. ते घासले गेल्यास पंख्याची ओळख पटणे कठीण होते आणि त्याचे मोलही घटते.