सपाट हँडलची रोड सायकल

सपाट हँडलची रोड सायकल म्हणजे रोड सायकलीची हलकी चौकट व अरुंद चाके यांना सरळ आडव्या हँडलची जोड दिलेली सायकल होय. भारतात ती बहुधा ‘हायब्रिड’ या नावाने विकली जाते. गावातील ये-जा व छोट्या फेऱ्यांसाठी ती सोयीची असते. परंतु लांब पल्ल्यावर तळहातांना मुंग्या येणे, मान व खांदे आखडणे, बैठकीचा त्रास होणे अशा तक्रारी उद्भवतात. योग्य क्रमाने सुधारणा केल्यास त्या बऱ्याच कमी होतात.

विदर्भातील संदर्भ

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किमीची शर्यत एकट्याने पूर्ण केली. हौशी सायकलस्वारांसाठी ‘ब्रेव्हे’ हा प्रकार प्रचलित असून त्यात २०० किमी अंतर साडेतेरा तासांत पार करावे लागते. त्यासाठी हँडलच्या आकाराचे बंधन नाही.

अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वेच्या परिसरातून समृद्धी महामार्ग जातो. मात्र त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे चांदूर रेल्वे, अमरावती किंवा पुलगावकडे जाणाऱ्या सायकलस्वाराला जुनेच रस्ते वापरावे लागतात. खड्डे आणि बाभळीचे काटे यांमुळे येथे टायरच्या निवडीला विशेष महत्त्व आहे.

त्रासाचे कारण

सरळ हँडलवर हात ठेवण्याची एकच जागा असते. तळहातावर सतत भार पडल्यास करंगळी व अनामिका यांच्याकडे जाणारा अल्नर मज्जातंतू दबतो. दुर्लक्ष केल्यास बोटांची पकड कमजोर होऊ शकते. म्हणून बधिरपणा टिकून राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

सुधारणांचा क्रम

१. बैठक : प्रथम उंची तपासावी, यास खर्च येत नाही. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवल्यास पाय सरळ व्हावा. बैठकीचे टोक खाली झुकलेले असल्यास शरीर पुढे घसरते व हातांवर भार येतो. फार मऊ, रुंद गादी लांब अंतरावर उलट त्रासदायक ठरते. बसण्याच्या हाडांना आधार देणारी बैठक हवी.

२. टायर : चौकटीत जागा असल्यास २५ किंवा २८ मिमीऐवजी ३२ मिमी रुंदीचे टायर बसवावेत. अधिक हवा मावत असल्याने दाब कमी ठेवता येतो व हादरे शोषले जातात. टायर फोर्कला किंवा ब्रेकला घासत नाही, याची खात्री करावी.

३. हँडल : तळहाताला आधार देणाऱ्या रुंद मुठी व टोकांना लावायची शिंगे बसवल्यास हातांची स्थिती बदलता येते. हँडल दूर वाटत असल्यास आखूड व वर उचललेला स्टेम उपयोगी पडतो.

४. वळणदार हँडल : हा सर्वांत खर्चिक बदल आहे. सपाट हँडलचा मुठीकडील व्यास २२.२ मिमी, तर वळणदार हँडलचा साधारणतः २३.८ मिमी असतो. म्हणून जुने ब्रेक व गिअरचे खटके त्यावर बसत नाहीत. व्ही-ब्रेकला तार अधिक ओढावी लागते. त्यामुळे रोड सायकलीचे नेहमीचे खटके लावल्यास ब्रेक नीट लागत नाहीत व अपघाताचा धोका संभवतो. शिवाय असे हँडल पुढे झुकलेले असल्याने शरीर अधिक ताणले जाते.

बदल एकेक करून करावेत व प्रत्येकानंतर ओळखीच्या रस्त्यावर फेरी मारावी; म्हणजे कोणत्या बदलाने आराम मिळाला, हे कळते.