ऐकण्यातली मुलगी

आपल्याकडे मुलीचं कौतुक करताना हमखास म्हणतात, ‘मोठी गुणाची हो, अगदी ऐकण्यातली!’ मराठीत ऐकणं म्हणजे कानांनी ऐकणं, आणि निमूटपणे सांगितलेलं करणंही. एकाच क्रियापदात दोन्ही कामं उरकली. सिंडरेला वाचताना मला हेच खटकायचं. सावत्र बहिणींचे केस विंचरते, कपड्यांना इस्त्री करते, घरी राहा म्हटलं की राहते. ही एवढं ऐकते तरी का?

अमेरिकन लेखिका गेल कार्सन लेव्हाइन यांनाही हेच कोडं पडलं. लेखनाच्या वर्गासाठी सिंडरेला नव्याने लिहायला घेतली, तर नायिका इतकी गुणी, की त्यांना ती आवडेचना. त्यातून १९९७ साली ‘एला एन्चान्टेड’ ही किशोरांसाठीची कादंबरी आली. पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी ऑनर हा बालसाहित्यातला सन्मान मिळाला.

लेव्हाइन यांचं उत्तर असं : एला ऐकते, कारण तिला गत्यंतरच नाही. जन्मतःच एक आगाऊ परी तिला आज्ञाधारकपणाचं ‘वरदान’ देऊन गेली आहे. कुणीही हुकूम सोडावा, हिने पाळावा. पाचव्या वाढदिवसाला कुणी तरी ‘खा’ म्हणतं आणि पोर केक खातच सुटते. पोट भरलं, रडू आलं, तरी ‘थांब’ म्हणेपर्यंत हात थांबत नाही.

पण एला बेरकी आहे. स्वयंपाकीण मँडी म्हणते, अंडी फेटते, तोवर भांडं धर. ही धरते खरी, पण पाय हलवत राहते. मँडी बिचारी फेटत फेटत तिच्यामागे स्वयंपाकघरभर. बदाम आण म्हटलं, तर मोजून दोन आणते. हुकमाचा शब्द पाळून अर्थाला हुलकावणी देणारी ही एला मला जादूपेक्षा जास्त आवडते.

मूळ गोष्ट अशी बदलायची का, हा प्रश्न या कथेबाबत तरी गैरलागू आहे. नवव्या शतकातल्या चिनी कथेत मुलीच्या इच्छा माशाची हाडं पुरवतात. भोपळ्याची बग्गी आणि काचेची सपाता फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ मधल्या कथेतली. ग्रिम बंधूंकडे परी नाहीच. आईच्या थडग्यावरचं झाड आहे, आणि सपातेत पाय बसावा म्हणून एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच. मारिसा मायर यांच्या ‘सिंडर’मध्ये (२०१२) तर नायिका अर्धी यंत्र, पेशाने मेकॅनिक, तिची सपाता नव्हे, आख्खा पायच निसटतो! हल्ली नायिकेच्या हाती तलवार दिली की झालं पुनर्कथन, असं मानणारेही आहेत. तो नुसता कपडेपट. लेव्हाइन यांनी नाच, भोपळा, सपाता सगळं ठेवलं आणि ऐकण्यामागचं कारण तेवढं बदललं.

त्यामुळे शेवट वेगळाच होऊन बसतो. चार नावाचा राजपुत्र म्हणतो, माझ्याशी लग्न कर. प्रेमाचंच बोलणं, पण व्याकरणाने आज्ञार्थ. एलाचंही प्रेम आहे. पण ती राणी झाली, की कुणीही शत्रू तिला हुकूम सोडून तिच्याच हातून चारचा खून करवील. ओठांवर आलेला होकार ती जिवाच्या आकांताने मागे लोटते. आपण हुकूम सोडलाय, याचा चारला पत्ताच नाही. तो आपला उत्तराची वाट बघत उभा.