मावशींचा शुक्रवार

पहाटे 4:40
चवळी रात्रभर भिजली आहे. चार किलो. फेदेरासाओच्या टेकडीवर दोन खोल्यांचं घर, मागे पत्र्याची पडवी, पडवीत निळं प्लास्टिकचं घंगाळ. मावशी त्यात कोपरापर्यंत हात घालतात, चवळी तळहातांत चोळतात, घंगाळ तिरकं करून पाणी ओततात. सालं वर येतात, ती चाळणीने काढायची. नवं पाणी, पुन्हा चोळायचं. चवळी आधी चक्कीत भरडून आणलेली असते म्हणून साल सुटतं तरी. चिकटून राहतो तो दाण्यावरचा काळा डोळा. तो पिठात गेला की अकाराजे ठिपक्याठिपक्यांचा दिसतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. पाचव्या पाण्यापर्यंत मावशी बोलत नाहीत. सातव्याला पाणी नितळ होतं. मग कंबरेवर हात ठेवून त्या सरळ उभ्या राहतात, हळूहळू, टप्प्याटप्प्याने.

हे साल्वादोर, ब्राझीलच्या बाईया राज्याची राजधानी. मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या. सगळी गल्ली त्यांना ‘तिया’ म्हणते, म्हणजे मावशीच. अकाराजे हा त्यांचा धंदा, त्यांच्या आईचा होता, आजीचाही. सोललेल्या चवळीचं पीठ फेसून देंदे तेलात तळलेला मोठा वडा, मधे चिरून सारण भरलेला. खायला पाच-सात मिनिटं लागतात. करायला काय लागतं ते आज बघू. सप्टेंबर 2025, शुक्रवार.

सकाळी 6:15
बसचं तिकीट 5.60 रेआल. एक रेआल म्हणजे आपले सोळाएक रुपये. मावशी भाचीला घेऊन खालच्या शहरात साओ ज्वाकिमच्या बाजारात आल्या आहेत. खाडीला लागून अरुंद बोळ, मातीची भांडी, जिवंत कोंबड्या, पूजेच्या पाल्याच्या जुड्या, आणि सगळ्यावर मात करणारा सुक्या कोळंबीचा वास. कोकणातल्या माणसाला इथे रस्ता विचारावा लागणार नाही.

कोळंबी मीठ लावून, धुरावर वाळवलेली, सालासकट. मावशी एक उचलतात, डोकं मोडतात, वास घेतात, चावतात. तोंड वाकडं. पुढची पाटी. तिसऱ्या पाटीवर मान हलते. मोठी कोळंबी वड्यात भरायला, बारीक दळायला. दिवसाच्या खरेदीत सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, म्हणून घासाघीसही इथेच सगळ्यात लांब चालते.

मग देंदे. ताडाच्या जातीच्या झाडाच्या फळाचं, गर्द नारिंगी तेल. बाटली उजेडात धरून तळाचा साका बघायचा. देशातलं बहुतेक पाम तेल उत्तरेकडच्या पारा राज्यातून येतं. मावशींना वालेन्साच्या बाजूचं, छोट्या गिरणीतलं लागतं. ते महाग. दोन बाटल्या महागाच्या, तीन साध्या. मिसळ कशी करायची ते त्या सांगत नाहीत, आपणही विचारू नये.

भेंडी कडाडली आहे. 27 तारखेला कोस्मे आणि दामियाँ या जुळ्या संतांचा दिवस. त्या सुमाराला घरोघरी भेंडीची कारुरू रांधतात आणि आधी सात लहान मुलांना जेवायला बसवतात. नवसाप्रमाणे भेंडी मोजून घालतात, कुणी हजार, कुणी त्याहून जास्त. त्यामुळे सप्टेंबरात भेंडीवाला राजा. मावशी त्याच्याशी दहा मिनिटं भांडतात. भाव उतरत नाही, वर एक मूठ भेंडी मिळते.

सकाळी 9:00
चक्की विजेची आहे, टेबलाला शिकंज्याने आवळलेली. चवळी आणि कांदा तिच्यातून जातात. पाणी घालायचं नाही, थोडंही नाही. आजीच्या काळी हे पाट्यावर व्हायचं. मानुएल केरिनो यांनी बाईयाच्या स्वयंपाकावर लिहिलं आणि ते 1928 साली छापलं गेलं, त्यात त्या खरबरीत दगडाचं आणि त्यावर फिरणाऱ्या वरवंट्याचं वर्णन आहे. मावशींचा पाटा पडवीत भिंतीला टेकवून उभा आहे. त्यावर आता साबण ठेवतात.

पीठ झाकून बाजूला. आता वातापा. नारळाच्या दुधात भिजवलेला पाव, दळलेली कोळंबी, काजू, शेंगदाणे, आलं, कांदा, आणि देंदे. पातेलं मोठं, लाकडी डाव हातभर लांब. हे घोटत राहायचं, थांबलं की तळाला लागतं. पहिली दहा मिनिटं भाची घोटते, मग मिश्रण जड होतं आणि मावशी तिला बाजूला सारतात. खांद्यापासून हात फिरतो. पाऊण तास.

काजू मूळचा इथलाच. पोर्तुगीजांनी तो गोव्याला नेला आणि गोव्याहून लिस्बनला परतणारी त्यांची जहाजं या बंदरात थांबत. नारळ मात्र उलटा, पोर्तुगीज जहाजांतून इथे आला. मावशींना यात फारसा रस नाही. काजूचा तुकडा स्वस्त मिळतो तोवर तुकडाच घ्यायचा, दळायचाच तर आहे, एवढं त्या सांगतात.

सकाळी 11:20
भेंडी बारीक चिरून कारुरूला. थोड्या पिठात देंदे आणि कोळंबी कालवून केळीच्या पानात बांधायचं आणि वाफवायचं. हा आबारा. तळलेलं नको म्हणणाऱ्यांसाठी. पुड्या भाची बांधते, अठरा होतात. टोमॅटो, कांदा, कोथिंबीर चिरून डब्यात. मिरचीचं तिखट वेगळ्या बरणीत. गॅसचा 13 किलोचा सिलिंडर शंभर रेआलच्या वर गेलाय, म्हणून दोन चुली असूनही एकच पेटते. दुसरीवर पातेली झाकून ठेवतात.

दुपारी 12:45
जेवण. भात, राजमा, तळलेल्या माशाचा तुकडा, वर कसाव्याचं भाजलेलं पीठ. अकाराजे नाही. मावशी म्हणतात, मिठाईवाला मिठाई खातो का?

दुपारी 2:00
अर्धा तास झोप, मग इस्त्री. पांढरे परकर एकावर एक तीन, सगळ्यांना खळ दिलेली, त्यावर घेरदार झगा, लेसचं पोलकं, डोक्याला पांढरं फडकं बांधायचं. गळ्यात तांबड्या-तपकिरी मण्यांच्या माळा. त्या यान्सांच्या, वारा आणि विजेच्या देवीच्या. अकाराजे मुळात तिचा नैवेद्य. हा वेश हौसेचा नाही. शहराच्या 1998 च्या आदेशाने ठेल्यावर बसणाऱ्या बायानाला, म्हणजे अकाराजेवालीला, पारंपरिक वेश बंधनकारक केला. पर्यटक फोटो काढतात तेव्हा खळीचा खर्च कुणाच्या मनात येत नाही, मावशींच्या येतो.

दुपारी 3:30
शेजाऱ्याची जुनी गाडी. कढई, शेगडी, टेबल, काचेचा खण, पातेली, स्टूल, छत्री. जाऊन-येऊन शंभर रेआल, पाऊस असला तरी तेवढेच, हे ठरलेलं. उतारावर वातापाचं पातेलं भाची मांडीवर घेऊन बसते.

दुपारी 4:20
रिओ वेर्मेल्यो. समुद्रालगतची वस्ती, बारची गर्दी, संध्याकाळी अकाराजे खायचं शहरातलं हे नावाजलेलं ठिकाण. मावशींची जागा मुख्य चौकात नाही, एका गल्लीच्या तोंडाशी आहे. चौकातल्या ठेल्यांवर रांगा लागतात, इथे नेहमीचे येतात.

कढईत देंदे ओतलं. त्यात एक सबंध कांदा, सालासकट. तेल करपू नये म्हणून तो शेवटपर्यंत तिथेच राहणार. तेल तापेपर्यंत मावशी पीठ फेसायला घेतात. पातेलं दोन गुडघ्यांत धरलेलं, डाव तळापासून वर. आपल्याकडे मेदूवड्याचं पीठ फेसतात तसंच, फक्त मऊ-पांढरं होईपर्यंत आणि मग त्यापुढेही. यात खायचा सोडा नाही, खमीर नाही. हवा भरायची ती हातानेच. पिठावर बुडबुडे यायला लागले की मीठ.

पहिले छोटे छोटे काही वडे विकायचे नसतात. ते देवांच्या वाट्याचे. मावशी ते ठेल्याच्या कडेला ठेवतात आणि पुढच्या घाण्याला लागतात. समोरच्या फुटपाथवर एक बाई हेच विकते, पण माळांशिवाय. ती नव्या पंथाच्या चर्चची, तिच्या पाटीवर ‘येशूचा वडा’ असं लिहिलंय. पीठ, तेल, कढई तीच. दोघी एकमेकींना सुट्टे पैसे देतात.

संध्याकाळी 6:00
अंधार झाला आणि ऑफिसं सुटली. शुक्रवारी साल्वादोरात पांढरं नेसायची आणि देंदेतलं खायची रीत आहे, त्यामुळे पांढऱ्या सदऱ्यांची रांग. नारिंगी तेलासमोर पांढरा सदरा घालून उभं राहणं हे या गावालाच जमतं.

मावशींचा हात बघा. एका डावात पीठ, दुसऱ्या डावाने त्याला आकार, दोन वेळा इकडून तिकडे, आणि कढईच्या कडेवरून अलगद आत. वरून सोडलं तर तेल उडतं. एका घाण्यात सात. खालची बाजू तपकिरी झाली की झाऱ्याने उलटायचे. काढले की जाळीवर. भाची सुरीने मधोमध चिरते, तुटू देत नाही. वातापा, कारुरू, सॅलड, वर मोठी कोळंबी. “गरम?” हा तिचा प्रश्न. म्हणजे तिखट घालू का. एक जर्मन पर्यटक आनंदाने हो म्हणतो. पाच मिनिटांनी तो बिअरवाल्याकडे धावतो.

बसायला सहा स्टुलं. बाकीचे उभ्यानेच, कागदात धरून, पुढे वाकून. बिअर शेजारच्या बारमधून येते, बारवाला बायानाचा ठेला जवळ असल्याने खूश आणि मावशी बारमुळे खूश. मेनूकार्ड नाही, वेटर नाही, ब्राझीलमधल्या हॉटेलात बिलावर येणारा दहा टक्के सेवा आकारही नाही. कोळंबी घातलेला 15 रेआल, बिनकोळंबीचा 12. पैसे बहुतेक पिक्सने येतात, 2020 मध्ये इथल्या मध्यवर्ती बँकेने आणलेली ही पद्धत आपल्या यूपीआयच्या चालीची आहे. मावशी नारळाच्या वड्याही विकतात, त्यांच्या काचेच्या खणाला क्यूआर कोड चिकटवलेला आहे.

“मावशी, कोळंबी दोन जास्त घाला ना!” एक पोरगा म्हणतो.
“बाळा, ती मोजून आणते मी, तू मोजून खा.”

रात्री 8:30
पर्यटकांना गाईड सांगतोय. गुलामीच्या काळात पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या बाया हे डोक्यावरच्या पाटीत घेऊन विकत, मालकाला ठरलेला वाटा देत, उरलेल्यातून काहींनी स्वतःची सुटका विकत घेतली. 1888 मध्ये गुलामी कायद्याने संपली. 2004 मध्ये बायानांचा हा व्यवसाय राष्ट्रीय वारसा म्हणून मान्य झाला. सगळं बरोबर सांगतो. पर्यटक अकरा, अकाराजे घेतात चार, वाटून खातात. मावशी चौघांना कागद जास्त देतात.

रात्री 10:15
पीठ संपलं. अकाराजे चौऱ्याण्णव, आबारा सोळा, दोन घरी. नारळाच्या वड्या थोड्या उरल्या, त्या उद्या चालतील. वातापा उरला तो नाही चालणार, तो शेजारच्या बारच्या पोरांना. तेल गाळून कॅनमध्ये. ते पुन्हा वापरायचं नाही, ते साबण करणाऱ्याकडे जातं. कढई पुसायला जुने परकर.

रात्री 11:30
जेवणाच्या टेबलावर हिशेब. भाचीला दिवसाचे शंभर, वर बसभाडं. गाडीचे शंभर. कोळंबी, तेल, भेंडी, नारळ, काजू, गॅस, कागद, इस्त्रीची वीज. भाची विचारते, महिन्याचं किमान वेतन 1,518 झालंय, दिवसाच्या हिशेबाने आपल्याला त्यापेक्षा बरं सुटतं का? मावशी म्हणतात, शुक्रवारी सुटतं. सोमवारी विचार. पावसाच्या आठवड्यात तर विचारूच नको.

एक डबा वेगळा आहे. त्यात छोट्या उद्योजकाच्या नोंदणीचा महिन्याचा हप्ता, 76.90 रेआल. तो भरत राहिलं आणि पंधरा वर्षांचे हप्ते पूर्ण झाले, की बायकांना बासष्टाव्या वर्षी किमान वेतनाइतकं पेन्शन मिळतं. मावशींना चार वर्षं उरलीत. मुदत 20 तारखेची, पण 20 ला शनिवार आहे, म्हणून हप्ता सोमवारी भरायचा.