फळीवरचे माथेरान: मोजपट्टी आधी शरीराला लावा

कल्याणहून कर्जत लोकलने निघाले की अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू मागे पडतात आणि नेरळला एकाच स्थानकात दोन मापांचे रूळ दिसतात. लोकल धावते ती १,६७६ मिलिमीटर रुंदीच्या ब्रॉडगेजवर. पलीकडे उभी असलेली माथेरानची छोटी गाडी धावते ६१० मिलिमीटरच्या, म्हणजे दोन फुटी नॅरोगेजवर. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभारलेला हा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. रूळ अरुंद ठेवण्यामागे साधे गणित होते. अरुंद रुळांना तीव्र वळणे घेता येतात, त्यामुळे डोंगर कमी फोडावा लागतो आणि खर्चही वाचतो.

हेच गणित ठाण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये छोटी रेल्वे मांडू पाहणाऱ्याच्या उपयोगी पडते. मोठ्या गाड्यांच्या मॉडेलला वळायला टेबलभर जागा लागते. नॅरोगेजची छोटी इंजिने आणि आखूड डबे हात-दीड हात रुंदीच्या फळीवर सामावतात. म्हणूनच जगभरात लहान घरांत राहणारे हौशी लोक नॅरोगेजकडे वळतात.

या छंदाकडे वळणाऱ्यांत निवृत्त मंडळी बरीच असतात. तीस-पस्तीस वर्षे ज्यांचा दिवस सकाळच्या ठरावीक लोकलवर चालला, त्यांचे वेळापत्रक एका तारखेला अचानक संपते. पुढे दुपारची झोप वाढते, रात्रीची उडते, चिडचिड होते, 'करमत नाही' ही तक्रार सुरू होते. अशा वेळी छंदाचा उपयोग किती? २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात १६ देशांतील ६५ वर्षे व त्यापुढील ९३ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली. छंद असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि जीवनाविषयीचे समाधान अधिक आढळले. अर्थात, हा संबंध आहे. छंद म्हणजे औषध असा तो पुरावा नव्हे. ज्याची प्रकृती मुळात बरी, त्याला छंद जोपासणे सोपेही जाते.

मात्र हाच छंद मानदुखी, दमा किंवा घरातल्या लहान मुलाची गंभीर इजाही घेऊन येऊ शकतो. यातले बहुतेक सारे फळी भिंतीवर चढण्याआधी, कागदावरच टाळता येते.

किती मोठी मांडणी?

मॉडेलचे एक प्रचलित प्रमाण आहे १:८७. या प्रमाणात माथेरानचा सारा मार्ग मांडायचा तर सुमारे २४० मीटर लांबीची भिंत लागेल. प्लायवूडच्या पूर्ण तावाची लांबी आठ फूट, म्हणजे २.४ मीटर. तेवढ्यात बसतो मार्गाचा जेमतेम शंभरावा भाग. तेव्हा नेरळपासून माथेरानपर्यंत सारे काही आणायचा हट्ट सोडून एकच जागा निवडावी: नेरळचे यार्ड, जुम्मापट्टीसारखे घाटातले स्थानक किंवा अमन लॉज.

रुळांची रुंदीही आधी ठरवावी. ६१० मिलिमीटरला ८७ ने भागले की सात मिलिमीटर येतात. पण बाजारात सहज मिळतात ते नऊ मिलिमीटरचे रूळ. त्यावर १:८७ ची गाडी ठेवली तर ती मूळच्या ७८३ मिलिमीटर रुळांची, म्हणजे साधारण अडीच फुटी गाडी ठरते. हौशी माणसाने एवढी तडजोड खुशाल करावी. चढाबाबत मात्र सबुरी हवी. माथेरानचा चढ वीस मीटरला एक मीटर इतका कडक आहे. फळीवर तो म्हणजे मीटरभरात पाच सेंटिमीटर. तेवढ्यातही छोट्या इंजिनाची चाके घसरू शकतात, म्हणून पहिली मांडणी सपाट ठेवलेली बरी.

गोल फिरणारी गाडी थोड्या दिवसांत कंटाळा आणते. त्यापेक्षा शंटिंगचे कोडे मेंदूला अधिक काम देते. ॲलन राइट या ब्रिटिश मॉडेलकाराची 'इंगलनुक' मांडणी त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या लहान आवृत्तीत दोन सांधे आणि तीन सायडिंग असतात. एका सायडिंगमध्ये तीन वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत प्रत्येकी दोन. चिठ्ठ्या टाकून पाचांपैकी तीन वाघिणी ठरलेल्या क्रमाने जोडायच्या. असे ६० वेगवेगळे क्रम संभवतात आणि ही सारी मांडणी चार फुटांत बसते.

कोपर, मान आणि डोळे

फळीची उंची सुताराला 'साधारण छातीइतकी' असे सांगू नये. बारीक काम उभ्याने करायचे असेल तर कामाचा पृष्ठभाग कोपराच्या पाच ते दहा सेंटिमीटर वर असावा. मध्यम उंचीच्या माणसाला ही जागा जमिनीपासून १०५ ते ११० सेंटिमीटरवर येते. खुर्चीत बसल्यावर डोळे साधारण याच्या थोडे वर असतात, त्यामुळे बसून गाडी पाहायलाही हीच उंची सोयीची पडते. फळी डोक्याच्या उंचीवर नेली की हात सतत वर राहतात आणि पन्नाशीनंतरचा खांदा ते सहन करत नाही. शिवाय मग स्टुलावर चढणे आले. साठीनंतर स्टुलावरून पडून खुब्याचे हाड मोडले तर छंदाबरोबर चालणेही थांबते.

फळीची खोली ३५ ते ४० सेंटिमीटर पुरे. त्यापलीकडे हात पोहोचवायला कमरेतून वाकावे लागते आणि रुळावरून घसरलेला डबा नेमका मागच्या कोपऱ्यातच असतो.

चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसू लागते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे दाखवणारा भाग खाली असतो. समोरच्या फळीवरची बारीक वस्तू त्यातून पाहायची म्हणून माणूस नकळत हनुवटी वर उचलतो आणि तासाभराने मान धरते. नेत्रतज्ज्ञाला कामाचे अंतर सेंटिमीटरमध्ये सांगून केवळ जवळच्या कामाचा वेगळा चष्मा करून घ्यावा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, म्हणून खोलीतल्या ट्यूबवर न विसंबता फळीच्या वर एलईडी पट्टी हवी. दर अर्ध्या तासाने उठून गॅलरीतून लांब नजर टाकावी.

काम करायचे कुठे?

डोंगर कोरायला थर्माकोल, खडकांना प्लास्टर ऑफ पॅरिस, तारा जोडायला सोल्डरिंग आणि रंगाला स्प्रे हे या छंदाचे नेहमीचे साहित्य. तापलेल्या तारेने थर्माकोल कापताना स्टायरीनची वाफ निघते. सोल्डरिंगचा धूर मुख्यतः राळेचा असतो आणि त्याने दमा बळावतो, काहींना नव्याने सुरूही होतो. सोल्डरमधल्या शिशाचा धोका धुरापेक्षा हातांतून तोंडात जाण्याचा अधिक. म्हणून काम करताना चहा-बिस्किटे दूर ठेवावीत, नंतर साबणाने हात धुवावेत आणि शक्य तिथे शिसेविरहित सोल्डर वापरावे. प्लास्टर घट्ट होताना तापते, त्यात हात बुडवून ठेवू नये.

ही सारी कामे बंद बेडरूममध्ये नकोत. मांडणीची फळी दोन-तीन तुकड्यांत करून नटबोल्टने जोडता येईल अशी आखली, तर एकेक तुकडा काढून गॅलरीत नेता येतो.

जागा निवडताना पावसाळाही आठवावा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही गाडी बंद असते. घरातली बंद पडते ती ओलीमुळे. पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीला ओल येते, तिथे प्लायवूड फुगते, बुरशी धरते आणि बुरशीने घरातल्या दमेकऱ्याला त्रास होतो. आतली भिंत निवडावी आणि फळी व भिंत यांत बोटभर फट ठेवावी.

रुळांत १२ व्होल्टचा वीजप्रवाह असतो आणि त्याने झटका बसत नाही. जपायचे ते भिंतीतल्या २३० व्होल्टला. चांगल्या प्रतीचा तयार ॲडॉप्टर घ्यावा, तो उघडू नये आणि झोपताना बटण बंद करावे.

नातवंडांचा हिशेब

सर्वांत महत्त्वाचे मोजमाप घरातल्या सर्वांत लहान माणसाचे. डब्यांच्या जोडणीत कधी छोटी चुंबके असतात, दिव्यांसाठी किंवा रिमोटमध्ये बटणासारखे सेल असतात. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर लाळेतून वीज वाहू लागते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही गंभीर भाजणे होऊ शकते. एकाहून अधिक चुंबके गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या भिंतीला छिद्र पडू शकते. दोन्ही वेळा मूल सुरुवातीला अगदी ठणठणीत दिसू शकते. नुसता संशय आला तरी उलटी करवू नये, घरी वाट पाहू नये. एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय तातडीने गाठावे.

म्हणून घरात पाच वर्षांखालचे मूल असेल किंवा येत-जात असेल, तर बटण सेल मांडणीत आणूच नयेत आणि जोडणी साध्या हुकाची ठेवावी. फळीखाली सोफा किंवा दिवाण नको; मुले त्यावरच चढतात. फळीच्या पुढच्या कडेला चार-पाच सेंटिमीटर उंच ॲक्रिलिकची पट्टी लावली की ना इंजिनाचा कडेलोट होतो, ना सुटे भाग जमिनीवर येतात.

खरेदीआधी पुण्याच्या कोथरूडमधले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहावे, नेरळला जाऊन यार्ड न्याहाळावे. मग भिंतीत छिद्र पाडण्यापूर्वी जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची ठरल्या मापाची फळी ठरल्या उंचीवर आठवडाभर चिकटवून ठेवावी. जाता-येता कोणाचे डोके आपटते, कपाटाचे दार अडते का, नातू कशावर चढून तिथे पोहोचतो, हे सात दिवसांत कळते. त्यानुसार पुठ्ठा वर, खाली, आत-बाहेर सरकवावा आणि मगच सुताराला बोलवावे.