एक नव्हे, तीन बिहू!

कॉन्व्हेंटमध्ये जनरल नॉलेजला एक ओळ पाठ केली होती : आसामचा सण बिहू. एक मार्क! त्यापलीकडे टीव्हीवर पाहिलेला नाच, एवढंच माझं ज्ञान. गेल्या ऑक्टोबरात, ऐन सबमिशनच्या गडबडीत, माझा आसामी रूममेट होस्टेलमागच्या तुळशीपाशी पणती लावताना दिसला. म्हणाला, "आज बिहू." मी लगेच विचारलं, "मग पार्टी कधी?" तो हसला. "या बिहूला पार्टी नसते."

त्या रात्री ड्रॉइंग शीट बाजूला ठेवून त्याने जे समजावलं, ते असं.

बिहू वर्षातून तीनदा येतो आणि तिन्ही बिहू भातशेतीशी बांधलेले आहेत.

एप्रिलच्या मध्यावर येतो बोहाग किंवा रोंगाली बिहू, म्हणजे आसामी नववर्ष. पहिला दिवस गुरांचा. त्यांना उडीद-हळद लावून नदीवर आंघोळ घालतात, अंगावर दुधी-वांग्याचे तुकडे टाकतात, नवी दावी बांधतात. थोडक्यात, आपला पोळाच! दुसरा दिवस माणसांचा. मोठ्यांच्या पाया पडून हातमागावर विणलेला गामोसा भेट देतात. तो प्रसिद्ध नाच याच बिहूचा. साथीला ढोल आणि म्हशीच्या शिंगाचा पेपा. मुली मुगा रेशमाच्या मेखला-चादरीत. पूर्वी हा नाच शेतात, झाडाखाली चाले. गुवाहाटीच्या लताशील मैदानात १९५२ मध्ये तो स्टेजवर आला आणि २०२३ मध्ये त्याच शहरात एका स्टेडियमवर ११ हजारांहून जास्त कलाकार एकत्र नाचले!

जानेवारीत, आपल्या संक्रांतीच्या सुमारास, माघ किंवा भोगाली बिहू. कापणी झालेली, कोठारं भरलेली, म्हणून 'भोग'! आदल्या रात्री, म्हणजे उरुकाला, शेतात गवताची झोपडी बांधून सगळे मिळून जेवतात. पहाटे आंघोळ करून 'मेजी' नावाची लाकडांची रास पेटवतात. खायला तिळाचा पिठा आणि लाडू. तीळ तिकडेही आहेतच!

राहिला ऑक्टोबरचा काती किंवा कोंगाली बिहू. 'कंगाल' शब्द आठवला ना? तोच अर्थ. जुनं भात संपत आलेलं, नवं अजून शेतात उभं. म्हणून नाच नाही, मेजवानी नाही. तुळशीपाशी, कोठारापाशी आणि शेतात दिवा लावायचा, आणि पीक नीट हाती येऊ दे एवढंच मागायचं.

खरं सांगू? तिघांत मला हाच बिहू जास्त भावला. कोठार रिकामं असतानाही सण असतो, हे मला माहीतच नव्हतं. आणि मी पार्टी मागत होतो!

एप्रिलमध्ये आपल्या परीक्षा जवळ आलेल्या असतात. त्यामुळे दोन वर्षं तो रोंगालीला घरी गेलेला नाही. तेव्हा यंदा मेसमध्ये कुणी "बिहू आहे" म्हणालं, तर नाचून दाखव म्हणू नका. आधी विचारा, "कुठला बिहू?" पुढचं तो स्वतःच सांगेल!