गाल बधिर करणारं शेवाळ



दाढ काढताना डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतात. ओठ, गाल बधिर होतात, दुखणं कळत नाही. आजची गोष्ट अशाच बधिरपणाची आहे.

सप्टेंबर १९९७ मध्ये केरळात विळिंजमला समुद्रातले शिंपले खाऊन पाचशेहून जास्त लोक दवाखान्यात भरती झाले. सात जण दगावले. शिंपल्यात विष आलं कुठून? समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ असतं. त्याच्या काही जाती विष तयार करतात. शिंपला पाणी गाळून हे शेवाळ खातो आणि विष त्याच्या मांसात साठतं. शिजवून ते जात नाही.

या विषाचं नाव सॅक्सिटॉक्सिन. आपल्या नसांना बारीक दारं असतात. त्यातून सोडियम आत गेलं, की दुखण्याचा निरोप पुढे जातो. हे विष त्या दारात बुचासारखं बसतं. आधी ओठ, जीभ झिणझिणते, मग हातपाय लुळे पडतात. श्वासाचे स्नायू थांबले तर माणूस जातो. यावर उतारा नाही. पण वेळेत दवाखाना गाठला आणि मशीननं श्वास चालू ठेवला, तर शरीर लघवीवाटे विष बाहेर टाकतं.

दाताचं इंजेक्शनही हीच दारं बंद करतं, पण त्याचा असर काही तासांत उतरतो. म्हणून चिली आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सॅक्सिटॉक्सिनचं भावंड, निओसॅक्सिटॉक्सिन, अगदी सूक्ष्म मात्रेत माणसांवर तपासलं. ऑपरेशननंतरचं दुखणं जास्त वेळ दबावं, ही आशा. बॉस्टनच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. बधिरपणा जास्त टिकतो, असं त्यात दिसलं.

तुम्ही म्हणाल, ताई, सावनेरला कुठला समुद्र? पण साचलेल्या गोड्या पाण्यातलं काही निळं-हिरवं शेवाळही हेच विष करतं. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डार्लिंग नदीवर हजार किलोमीटर असा तवंग पसरला आणि गुरं मेली.

प्रत्येक शेवाळ विषारी नसतं, पण डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून तलावावर, बोडीत हिरव्या रंगाच्या डब्यासारखा तवंग दिसला तर तिथं गुरं पाजू नका, लेकरांना उतरू देऊ नका. ते पाणी उकळूनही पिऊ नका. ग्रामपंचायतीला कळवा.

आणि शेवाळाचं औषध म्हणून कोणी पुडी विकत असेल, तर घेऊ नका. मात्रा ठरवणं डॉक्टरांचंच काम. येते, नमस्कार.