अंड्यावर येणाऱ्या तलंगांचा आहार

उमरेडच्या परिसरात भाताची कणी व कोंडा सहज मिळतो. म्हणून तेवढ्यावरच तलंगा पोसाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या खाद्यात कॅल्शियम नगण्य असते, आणि अंड्याच्या एका कवचास त्याचे सुमारे २ ग्रॅम लागतात. खाद्यातून ते न मिळाल्यास कोंबडी ते आपल्या हाडांतून काढून देते. मग कवच पातळ होते, पाय दुबळे पडतात व अखेरीस अंडी थांबतात.

व्हाइट लेगहॉर्न जातीची तलंग साधारणतः २० आठवड्यांत अंड्यावर येते. गावठी कोंबडीस सहा-सात महिने लागतात. तुरा मोठा व लालभडक होणे आणि गुदद्वाराजवळील दोन हाडांतील अंतर वाढणे, ही त्याची लक्षणे होत.

ही लक्षणे दिसताच वाढीचे खाद्य बदलून सुमारे १७ टक्के प्रथिने व साडेतीन टक्के कॅल्शियम असलेले खाद्य सुरू करावे. लेगहॉर्न कोंबडीस ते रोज १०० ते ११० ग्रॅम पुरते. शिंपल्यांचा चुरा निराळ्या भांड्यात ठेवावा. मात्र घाई करू नये. कोवळ्या वयात एक टक्का कॅल्शियम पुरेसे असते. अधिक दिल्यास मूत्रपिंडांना इजा पोहोचते.

उन्हाळ्यात कोंबड्या कमी खातात; म्हणून खाद्य पहाटे व सायंकाळी घालावे आणि थंड पाणी सदैव ठेवावे.